पाऊण तासाचं लेझर आणि सात आठवड्यांचा कागद

माझ्या डाव्या पायाच्या शिरेचं लेझर पाऊण तासात झालं. त्याला विम्याची मंजुरी मिळवायला सात आठवडे लागले, आणि माझा राग अजून तिथेच अडकलाय.

पोटरीवर निळ्या गाठाळ शिरा कितीतरी वर्षं होत्या. संध्याकाळी पाय जड व्हायचा, तिकडे दुर्लक्ष केलं. घोट्याजवळची कातडी काळी पडून खाजायला लागली तेव्हा डॉक्टर गाठले. रक्त वर चढताना मागे घसरू नये म्हणून शिरांत झडपा असतात. माझ्या मांडीतल्या लांब शिरेच्या झडपा निकामी झाल्या होत्या. ती शीर आतून उष्णतेने बंद करायची, एवढंच काम.

आणि विमा कंपनीचं पत्र आलं: 'सौंदर्योपचार. नामंजूर.' खाजवून खाजवून सोललेला घोटा, आणि सौंदर्य!

फोनवर खूप वेळ ताटकळल्यावर कळलं की रिपोर्टमध्ये रिफ्लक्सचा काळ नाही. म्हणजे पोटरी दाबून सोडल्यावर रक्त किती वेळ उलटं वाहतं तो आकडा. अर्ध्या सेकंदाच्या वर गेला की झडप बिघडली असं धरतात. माझ्या डॉप्लरच्या, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमध्ये 'शिरा फुगलेल्या, गुठळी नाही' एवढीच ओळ होती. सोनोग्राफीवाले म्हणाले, डॉक्टरांनी गुठळीबद्दलच विचारलं होतं. डॉक्टरांचा सहायक म्हणाला, मापं देणं सोनोग्राफीवाल्यांचं काम. विमावाले म्हणाले, कागद कोणी द्यायचा ते तुम्ही बघा. दर वेळी फाइल नव्याने रांगेत, दर वेळी तेच 'सात दिवसांनी फोन करा'. चौथ्या फेरीला मी काउंटरवर आवाज चढवला. उपयोग शून्य.

शेवटी डॉक्टरांनाच थेट गाठलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "डॉप्लर झोपवून केलं होतं का?" हो, झोपवूनच! गुठळी तशी दिसते, पण झडपेची गळती नीट मोजायची तर माणूस उभा हवा, भार दुसऱ्या पायावर. पुन्हा तपासणी केली, या वेळी उभ्याने: 2.8 सेकंद. तीन सेकंदांच्या आतल्या एका आकड्यासाठी दीड महिना. तेव्हा चाचणीच्या चिठ्ठीवरच 'उभ्याने, रिफ्लक्सच्या काळासह' असं लिहून घ्या. कातडी बदलली असेल तर डॉक्टरांच्या पत्रात शिरांच्या आजाराचा 'सी-4' हा टप्पाही हवा. आणि दाबाच्या स्टॉकिंग्जची बिलं फेकू नका, त्या आधी वापरून पाहिल्याचा तो पुरावा. माझ्याकडे ती नव्हती, जुन्या चिठ्ठीवरच्या तारखेने वाचवलं.

प्रत्यक्ष लेझरबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. गुडघ्याजवळ एक सुई, आत बारीक तार. शिरेभोवती पातळ केलेलं भुलीचं औषध भरतात, त्याने आजूबाजूचा भाग भाजत नाही. ती टोचणी मात्र जाणवते. संपल्यावर मी चालत बाहेर आले, आणि चालत राहायलाच सांगितलं होतं. आठवड्याभराने मांडीत दोरी ताणल्यासारखं झालं आणि मी घाबरले, पण बंद झालेली शीर आखडते तेव्हा तसं होतं.

गुठळीची लक्षणं वेगळी: पोटरीत नवं दुखणं, अचानक पूर्ण पाय सुजणं. तसं झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. दम लागला, छातीत दुखलं तर वाट न बघता थेट तातडीच्या विभागात. हो, आणि घरात कोणाला गुठळी झाली असेल तर आधी सांगा. मला माझ्या मावशीचं टेबलावर आडवं झाल्यावर आठवलं, आणि डॉक्टरांनी हातातलं काम थांबवून पुन्हा प्रश्न विचारले.

शीर बंद करताना गुठळी आतल्या मोठ्या शिरेत सरकली नाही ना, हे बघायला काही दिवसांनी परत डॉप्लर होतं. मी खोलीत शिरल्या शिरल्या भार उजव्या पायावर टाकून ताठ उभी राहिले. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "झोपा हो, आज फक्त गुठळीच बघायचीय."