तुम्ही विचारलंत म्हणून: पोलिसांत का जात नाही?

कार्यक्रम संपला की कुणीतरी विचारतंच, "ताई, एवढा त्रास होतो तर तक्रार का करत नाही? आता तर तुम्हा तृतीयपंथीयांसाठी कायदाही आहे." एकदाच सांगते. मी गेले होते.

२०१६ ची गोष्ट. मंगतीहून, म्हणजे पैसे मागून, परतताना दोघांनी पैसे हिसकावले, तोंडावर मारलं. फाटलेल्या ओठाला पदर लावून चौकीत गेले. अंमलदारानं आधी विचारलं, "नाव काय? आधीचं सांग." मारणारे कसे दिसत होते, हे शेवटपर्यंत विचारलं नाही. पैसे कुठून आले, रात्री त्या रस्त्यावर काय करत होतीस, तेच तेच. मग माझी झडती घ्यायचं ठरलं. महिला शिपाई म्हणाली, "मी हात लावणार नाही." हवालदार म्हणाला, "मी तरी का लावू?" शेवटी मलाच ब्लाउज सोडायला लावलं. दार उघडं होतं. चहावाला पोरगा किटली घेऊन आला, टेबलावर ठेवली आणि मान खाली घालून निघून गेला. त्या खोलीत मान खाली घालणारा तो एकटाच होता. पहाटे सोडलं. तक्रार लिहिलीच नव्हती.

सगळे पोलीस असे नसतात, मला माहीत आहे. पण कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या कायद्यात आमच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा आहे. बाईवर बलात्कार झाला तर कमीत कमी दहा. हे वाचून कुणी चौकीची पायरी चढेल?

२०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा आम्हाला तिसरं लिंग म्हणून मान्यता देणारा नाल्साचा निकाल आला तेव्हा मीच पेढे वाटले होते. चेल्यांना सांगितलं, आता आपण कागदावर आलो. चुकलेच मी. कागदावर आपण १८७१ पासून आहोत, गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं हिजड्यांची यादी ठेवायला सांगितली तेव्हापासून. पुढे पारध्यांवरही त्याच कायद्याचा शिक्का बसला. माझी एक चेली पारधी आहे. तिच्यावर संशय दोनदा येतो.

गेल्या महिन्यात तिला मारलं. म्हणाली, "अम्मा, चौकीत येता का?" मी साडी बदलली, जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेलं ओळखपत्र पर्समध्ये घातलं आणि जिन्यातच बसले. ती शेजारी बसली. बराच वेळ बसलो. मग दोघी वर आलो.