गिटार गेली, इको राहिला

“काका, गिटार येत नाही. नुसता तिचा इको येतोय.”

गणपतीचे दिवस. चार वाजून गेले होते, दुकानात माझ्यासमोर एक अँप्लिफायर पोट उघडून पडला होता. फोनवरच्या पोराचा आवाज रडवेला. तासगावच्या पुढं एका गावात मंडळाचा ऑर्केस्ट्रा, सातला कार्यक्रम सुरू, आणि दहाला पोलीस येऊन उभे राहणार.

“इको येतोय म्हणजे गिटार येतेच आहे की,” मी म्हणालो.

“नाही ओ काका. विहिरीत कुणीतरी वाजवतंय असं वाटतंय. हेडफोनवर एकदम झकास आहे. साउंडवाले मामा म्हणतात तुझा प्रोसेसर मेलाय.”

पोरगा दिवसा औषधाच्या दुकानात काम करतो आणि रात्री गिटार वाजवतो. पैसे साठवून त्यानं तो प्रोसेसर, म्हणजे गिटारचा आवाज हवा तसा बदलणारा डबा, घेतला होता. (अँप मॉडेलर, मल्टिइफेक्ट, काहीही असो, आमच्या मिरज-सांगलीकडं त्याला प्रोसेसरच म्हणतात.) मी अँप्लिफायर तसाच झाकला, मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि वायरचे तुकडे पिशवीत टाकले आणि स्कूटर काढली.

रेडिओ-टेपच्या दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या माझ्यासारख्या माणसाला या प्रोसेसरांचं अजूनही थोडं अप्रूप वाटतं. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा तो लाल, राजम्याच्या दाण्यासारखा पॉड आला आणि व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, १२ इंची स्पीकरची पेटी, समोरचा माइक हे सगळं एका चिपमध्ये गणित करून मांडायची सवय जगाला लागली. आमच्या गावात सतारमेकर मंडळी तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवून जवारी काढतात. तारेचा स्पर्श केसभर बदलला की सूर मधमाशीसारखा गुंजायला लागतो. व्हॉल्व्ह तापून आवाज फाटतो तेव्हाही सुरातून असेच वरचे स्वर फुटून येतात. तिकडं कानस, इकडं आकडे. पण आकड्यांचं यंत्र बिघडलं की लोक त्याला करणी झाल्यासारखे घाबरतात, आणि तिथंच माझं पोट भरतं.

साडेपाचला पोहोचलो. मैदानात खुर्च्या लागत होत्या, मागं जनरेटर धडधडत होता. स्टेजवर पोरगा मांडी घालून प्रोसेसरसमोर बसलेला, तोंड उतरलेलं. मी म्हटलं, वाजव. त्यानं साधी जी मेजर कॉर्ड मारली. मोठ्या स्पीकरमधून आधी काहीच नाही, मग लांबून, धुक्यातून आल्यासारखं “श्शांऽऽ”. तारेवर पडलेला घाव गायब. त्यानंतरची रिव्हर्बची, म्हणजे घुमण्याची, शेपटी तेवढी हजर. त्यानं पॅच, म्हणजे यंत्रात साठवून ठेवलेला आवाजाचा साचा, बदलला. हा डिस्टॉर्शनचा, फाटक्या आवाजाचा, रिव्हर्ब नसलेला. स्पीकरमधून डासाएवढा आवाज. तिसरा कोरसचा, एका गिटारच्या दोन-तीन वाटाव्यात असा. त्यात गिटार थोडीशी आली, पण पातळ, डुलती.

“बघा, काही पॅच मेलेत आणि काही अर्धे जिवंत आहेत,” पोरगा म्हणाला. “म्हणून मी मघाशी रिसेट मारला.”

“कसला रिसेट?”

“फॅक्टरी रिसेट. ऑक्टोपॅडवाला म्हणाला सॉफ्टवेअर करप्ट झालं असेल.”

“आणि तुझे पॅच?”

त्यानं खाली बघितलं. बावीस गाण्यांचे पॅच, सहा महिने रात्री जागून केलेले. बॅकअप? लॅपटॉपला जोडून पाच मिनिटांत होतो तो. घेतलेला नव्हता. यावर मी काही बोललो नाही, बोलून उपयोगही नव्हता.

मी माझ्या जुन्या सवयीनं अर्थिंगच्या मागं लागलो. जनरेटरचा कार्यक्रम म्हटला की निम्मी दुखणी तिथूनच येतात. मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट बघितले, अडॅप्टर दुसऱ्या बोर्डावर लावला. यात वीस मिनिटं गेली. आता वाटतं, काय हा वेडेपणा. अर्थिंगचा दोष असता तर ५० सायकलची घूं ऐकू आली असती. इथं घूं नव्हतीच, लाइन स्वच्छ होती. नव्हती ती गिटार.

मग केबल. ती मी बघितली खरी, पण कशी बघितली ते सांगायला हवं. केबल माझ्याच हातची होती. दोन आठवड्यांपूर्वी पोरगा दुकानात आला होता. त्याची जुनी वायर खरखरायला लागली होती. म्हणाला, “काका, थेट स्टेज बॉक्समध्ये लागेल अशी चांगली केबल करून द्या. दर वेळी डीआय बॉक्स मागावा लागतो.” (स्टेज बॉक्स म्हणजे स्टेजवरच्या वायरी मिक्सरकडं नेणारी पेटी, आणि डीआय बॉक्स म्हणजे साधी मोनो वायर तिला जुळवून देणारी डबी.) मी चांगलीच केली. एका टोकाला स्टिरिओ जॅक, दुसऱ्या टोकाला एक्सएलआर (माइकच्या वायरीला असतो तो तीन पिनांचा), मधे दोन तारांची शील्ड वायर, पूर्ण बॅलन्स्ड. जॅकवर लाल नळी चढवली, ती माझी खूण. साडेचारशे रुपये घेतले. हा त्या केबलचा पहिलाच कार्यक्रम होता. घरी तो हेडफोनवरच वाजवायचा.

स्टेजवर मी मीटर लावला. स्टिरिओ जॅकचे तीन भाग: टोक ती टिप, मधलं कडं ती रिंग, मागचा दांडा तो स्लीव्ह. टिप ते दोन नंबर पिन, बीप. रिंग ते तीन नंबर, बीप. स्लीव्ह ते एक नंबर, बीप. कुठं शॉर्ट नाही, हलवली तरी तुटत नाही. “केबल ओके,” मी जाहीर केलं. आवाजात थोडा ताठाही असावा.

मग मामांकडं गेलो. मिक्सरवर त्या चॅनलला ४८ व्होल्टचं फँटम चालू आहे का विचारलं. माइकसाठीचे ते व्होल्ट प्रोसेसरच्या आउटपुटमध्ये उलटे घुसले तर काहीही होऊ शकतं. बंद होतं. चॅनल बदलला, तेच. मला एकदा साध्या मोनो वायरनं डीआय बॉक्समधून ऐकायचं होतं, पण डीआय बॉक्स तीनच. दोन की-बोर्डला, एक बेसला, आणि की-बोर्डचा साउंडचेक चाललेला. “पाच मिनिटं थांबा ओ,” मामा म्हणाले. ते माझ्यावर वैतागले होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

हेडफोन लावून बघितले. डाव्या कानात गिटार, उजव्या कानात गिटार, रिव्हर्ब दोन्हीकडं पसरलेला. यंत्र ठणठणीत. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि माझ्या डोक्यात अंधार.

तेवढ्यात पोरगा सहज बोलल्यासारखं बोलला, “मी आउटपुट मोनो पण करून बघितलं होतं काका. मोठ्या स्पीकरला मोनो लावावं म्हणतात ना. पण मोनो केल्यावर तर काहीच येत नाही. इकोपण जातो.”

मी बसलो. खरोखरच शेजारच्या पेटीवर बसलो.

हेडफोनची पिन अर्धवट बसल्यावर काय होतं ते तुम्ही कधीतरी ऐकलं असेल. गाणारा गायब होतो, मागचं म्युझिक तेवढं राहतं, आणि गायकाचा दुरून येणारा इको. असं होतं कारण ग्राउंड सुटलेला असतो आणि दोन्ही कानांत डाव्या-उजव्यातला फरक तेवढा वाजत असतो. गायक दोन्ही बाजूंना अगदी सारखा असतो. सारख्यातून सारखं गेलं की शून्य.

बॅलन्स्ड इनपुटही हेच करतो, पण मुद्दाम. दोन नंबरच्या पिनवर जे येतं त्यातून तीन नंबरवरचं वजा करतो. लांब वायरीत बाहेरून घुसणारा कचरा दोन्ही तारांत सारखाच असतो, म्हणून तो वजाबाकीत साफ होतो. खऱ्या बॅलन्स्ड आउटपुटात आवाज मात्र दोन तारांत एकसारखा नसतो, म्हणून तो वाचतो. त्या प्रोसेसरचं आउटपुट बॅलन्स्ड नव्हतंच. हेडफोनला आणि लाइनला एकच स्टिरिओ जॅक: टिपवर डावं, रिंगवर उजवं. माझ्या सुबक केबलनं डावं दोनवर नेलं, उजवं तीनवर नेलं, आणि मिक्सरनं प्रामाणिकपणे एकातून दुसरं वजा केलं. गिटार दोन्हीकडं सारखी, म्हणून मिक्सरनं तिलाच कचरा समजून झाडून टाकलं. रिव्हर्ब डाव्या-उजव्यात वेगळा, तो उरला. कोरसही थोडा वेगळा, म्हणून थोडा उरला. आणि मोनो केल्यावर दोन्ही बाजू तंतोतंत एक झाल्या, मग उरायला काही राहिलंच नाही.

केबल ओके होती. इतकी ओके होती की तिनं गिटारचा मागमूस ठेवला नाही. जुनी खरखरणारी मोनो वायर सहा महिने बिनतक्रार चालली होती, कारण तिला रिंग नव्हतीच.

“वाजव,” मी म्हणालो आणि प्रोसेसरमधला जॅक एक खटका बाहेर ओढला. आता टिप उजव्या पत्तीला टेकली, रिंग ग्राउंडला, म्हणजे गिटारमधून वजा व्हायला काही राहिलं नाही. मैदानभर गिटार कडाडली. खुर्च्या लावणारी पोरं वळून बघायला लागली, मामांनी घाईनं फेडर खाली ओढला.

अर्ध्या खटक्यावर तीन तास काढणं शक्य नव्हतं. आयर्न लावला, एक्सएलआर उघडला, तीन नंबरवरची तार सोडवून तिच्या टोकाला प्लास्टिकची नळी चढवली आणि तीनला एकशी छोट्या तारेनं जोडून टाकलं. आता फक्त डावी बाजू जाणार. स्टिरिओ गेला, पण गावच्या मैदानात स्टिरिओ कुणाला हवा आहे? डाव्या बाजूला उभ्या माणसाला डावा स्पीकर, उजव्याला उजवा.

उरले पॅच. साडेसहा झाले होते. फॅक्टरीतून आलेले पॅच मी ऐकले, आणि आधीपासूनच मला त्यांचा राग आहे तो उगाच नाही. दुकानात हेडफोनवर गिऱ्हाईक भुलवायला केलेले असतात ते. रिव्हर्ब इतका की कॉर्ड बदलली तरी जुनी कॉर्ड रेंगाळत राहते. मी म्हटलं, बावीस विसर, चार करू. एक क्लीन, एक क्लीनला कोरस, एक थोडा फाटलेला, एक लीडचा.

चौघांनाही कॅबिनेटचा ब्लॉक, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल, चालू आहे ना ते आधी बघितलं. तो बंद राहिला की डिस्टॉर्शन पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाजतं. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. मिक्सरला लावलेले मोठे स्पीकर मात्र त्याच्या कितीतरी वरपर्यंत सगळं देतात. म्हणून वरचं कापणारा हाय कट सहा हजारावर, खालचं कापणारा लो कट शंभरावर. पोरगा कुरकुरला, “बारीक वाटतोय काका.” हेडफोनवर बारीक वाटणारच. कमी आवाजात कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून घरी रात्री पॅच करणारा दोन्ही वाढवत जातो. मग मैदानात आवाज चढला की तोच पॅच खाली बेसशी भांडतो आणि वर गायिकेच्या आवाजाला टोचतो. मी त्याला स्टेजखाली, मिक्सरपाशी उभं केलं आणि वर स्वतः तारा छेडल्या. मला गिटार येत नाही, एक ई मायनर येते. ती मी चारही पॅचवर वाजवली. त्यानं मान डोलवली.

पॅचची पातळी मात्र कानावर सोडली नाही. मामांना म्हटलं, मीटर बघून सांगा. क्लीनवरून फाटक्यावर गेल्यावर काटा तिथंच राहिला पाहिजे, लीडला थोडा वर. मामा आता खुशीत होते, त्यांनी स्वतःहून चहा मागवला. सात वाजता नारळ फुटला, सव्वासातला पहिलं गाणं.

मी मागं जनरेटरच्या बाजूला उभा राहून ऐकलं. तिसऱ्या गाण्यात पोरगा घाबरून चुकीच्या पॅचवर गेला, मध्येच कोरस शिरला, कुणाच्या लक्षात आलं नाही. बाकी बरं वाजवलं त्यानं. दहाला पाच मिनिटं असताना शेवटचं गाणं संपलं. मामा वायरी गुंडाळताना म्हणाले, “आज गिटार मोकळी आली.” पोरगा हसला. त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. गडबडीत मी एवढंच म्हणालो होतो की वायरीत एक जोड बदलावा लागला.

परतताना तो माझ्या स्कूटरवर मागं बसला, प्रोसेसरची पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये.

“किती द्यायचे काका?”

“काही नको. उलट माझ्याकडंच तुझे साडेचारशे निघतात.” मग सगळं सांगितलं. टिप, रिंग, वजाबाकी. आणि केबल करताना ती कुठून निघून कुठं जाणार ते मी विचारलं नव्हतं, हेही.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं समजलं नसावं.

“म्हणजे मशीन चांगलं होतं.”

“होतं.”

“आणि मी रिसेट मारायची गरजच नव्हती.”

“नव्हती.”

कवठे एकंद मागं पडलं तरी आम्ही दोघं गप्पच होतो.