बनियनच्या कापडाचे अभ्रे आणि माझी फजिती

आमच्या इचलकरंजीत कापडाचं कौतुक कुणाला सांगायचं? घराघरात माग, कुणाचा नवरा मागावर तर कुणाची सासू सुताच्या कांड्या भरायला. मी इथे वीस वर्षं शिवणक्लास घेते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, परकर, शाळेचे युनिफॉर्म सगळं शिकवून झालंय, त्यामुळे कापड माझं काय वाकडं करणार असा जरा माज होताच मला, तो उन्हाळ्यात नवीन बॅच सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी उतरला.

झालं असं की ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे तिरुपूरहून आलेल्या मालातलं बनियनचं कापड उरलं होतं, आपण होजिअरी म्हणतो ते, आणि ते मीटरवर नाही किलोवर विकतात. 3 किलो स्वस्तात मिळालं, मऊ, पांढरं, बोटाला गारगार. मी विचार केला की नवीन बायकांना पहिल्या दिवशी उशीचा अभ्राच शिकवायचा असतो, दोन सरळ टिपा आणि एक दुमड, त्यात चुकायला आहे काय? हिशोबही मांडला, 17 बाय 27ची उशी, शिलाई आणि आत खोचायला जास्तीचं धरून एका किलोत साधारण सात अभ्रे. नऊ बायका, नऊ उशा, सगळ्या घरनं घेऊन आलेल्या.

एक गोष्ट मात्र मी बरोबर केली होती, कापड आदल्या दिवशी भिजवून सावलीत पसरून वाळवलं होतं. दोरीवर टांगलं असतं तर ओल्या वजनानेच ते लांबलं असतं, आणि न भिजवता शिवलं असतं तर पहिल्या धुण्यात अभ्रा आटून उशी बाहेर डोकावली असती. माझा एक हात लांबीचा तुकडा जवळजवळ इंचभर आटला.

आता हे कापड नळीसारखं होतं, गोल, दोन्ही बाजूला घडी पण शिवण कुठेच नाही. मी काय केलं, सवयीने कात्री घेतली आणि सरळ एका घडीवरून उभी चिरली. वीस वर्षांची सवय, कापड म्हणजे आधी टेबलावर सपाट उघडायचं. चिरल्या चिरल्या कड गुंडाळायला लागली, दाबली तरी परत. बायका हसायला लागल्या. मग मी त्यांना सांगितलं की हे चांगलंच आहे, यावरून सुलट उलट कळते, उभी कापलेली कड उलट बाजूकडे वळते आणि आडवी कापलेली सुलट बाजूकडे. खडूने रेघ मारायला गेलं की कापड खडूबरोबर सरकतं, म्हणून कडेला कात्र्या, बॉबिनचा डबा, हाताला येईल ते वजन ठेवलं. टेबलावरून कापड खाली लोंबू द्यायचं नाही हेही तेव्हाच सांगितलं, लोंबलं की ताणलेल्या अवस्थेत कापलं जातं आणि मग तुकडा आखडतो.

तोंडाला अर्धा इंच दुमडून टीप, मग बाजू आणि बूड, एल आकारात. मी काळ्या मशीनवर बसले, पायाची मशीन, सुई नेहमीची 16 नंबर. चार इंच गेले आणि टाके सुटायला लागले. दोन टाके नीट, तिसरा गायब, मधे लांबलचक उडी. दोरा परत ओवला, बॉबिन काढून साफ केलं, टेन्शन ढिलं केलं, काही नाही. नऊ जणी डोक्यावर उभ्या आणि मी आपली मशीनच्या खाली वाकून बघतेय. कारण कळलं ते नंतर शांतपणे बघितल्यावर, हे कापड इतकं लवचिक की सुईबरोबर खाली जातं आणि सुई वर येताना तिच्याबरोबरच वर येतं, मग शटलला पकडायला दोऱ्याचा फासा मिळत नाही. आणि टोकदार जाड सुई कापडाच्या विणीतल्या फाशाचा धागाच तोडते, तिथून पुढे मोज्याला पडते तशी शिडी पडते.

तरी कसाबसा एक अभ्रा पूर्ण केला. छान दिसत होता हो! एकीची उशी घेतली, तोंड रुंद करून आत ढकलली आणि कट कट कट. तोंडाची दुमडीची टीप एका दमात तुटली, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. कापडाला काही झालं नाही, ते आपलं ताणून परत जागेवर, तुटला तो दोरा. सगळ्यांसमोर. मला घाम फुटला.

आणि तेव्हा कोपऱ्यातल्या मावशी बोलल्या. वय साठीच्या आसपास, आयुष्यभर कांडी मशीनवर काम केलेल्या, सुनेने जबरदस्तीने क्लासला पाठवलेल्या, सकाळपासून एक शब्द नाही. न चिरलेल्या कापडात हात घालून बसल्या होत्या, कोपरापर्यंत आत.

"ताई, ही आधीच पिशवी हाय की. चिरायलीस कशाला?"

मी बघतच राहिले. खरंच की! नळी सपाट ठेवून मोजली तर साडेसोळा इंच, उशी 17ची, आणि कापड आडवं मस्त ताणतं. म्हणजे बाजूची शिवण लागतच नाही. फक्त बूड शिवायचं, एक आडवी टीप, संपलं. मी चिरून बाजूची शिलाई धरली म्हणून अभ्रा अजून अरुंद झाला आणि उशी कोंबताना सगळा ताण तोंडावर आला.

"आणि तोंड?" मी विचारलं. मावशींनी कापलेली आडवी कड जराशी ओढली, ती आपोआप सुरळी होऊन बसली, जणू मुद्दाम पाइपिंग केलंय. "हे सूत उसवत न्हाय. राहू दे असंच." त्यांचं बरोबर होतं. आपल्या मागाच्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा, कड कापली की धागे सुटे होऊन निघतात. होजिअरीत स्वेटरसारखे फाशात फासे, कड वळते पण दोरे लोंबत नाहीत. दुमड घालायचीच गरज नाही, आणि दुमड नाही तर तुटायला टीपही नाही.

मग राहिली बुडाची टीप, ती आडवी म्हणजे ताण तिच्यावरही येणारच. दुपारी मशीनच्या दुकानातून होजिअरीची सुई आणली, गोल टोकाची, 11 नंबर, ती धागा न फोडता फाशांच्या मधून जाते. पॉलिस्टरचा दोरा लावला. वरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल केला, नाहीतर मशीनचा दाबपाय कापड दाबत पुढे ढकलतो आणि शिवणीला लाटा येतात. टाका बारीक ठेवला, इंचाला 12च्या आसपास, कारण जेवढे टाके जास्त तेवढा दोरा जास्त आणि ताणायला तेवढी जागा. शिवताना दोन्ही हातांनी कापड हलकंसं ताणून धरायचं, हलकंसंच, जास्त ताणलं की लेस लावल्यासारखं होतं. सुरुवातीला टाके सुटले तर खाली वर्तमानपत्राचा कागद घालून शिवायचं आणि नंतर फाडून टाकायचा. आणि आधी चिंधीवर! टीप मारायची, ताणायची, तुटली तर टाका अजून बारीक. झिगझॅगवाली मशीन असेल तर हा सगळा खटाटोप नाही, बारीक झिगझॅग मारली की झालं, पण आमच्याकडे सगळ्या सरळ टाक्याच्या.

34 इंच लांब नळी कापली, उलट करून बूड शिवलं, सुलट केली, उशी आत, उरलेलं सहा इंच तोंड परत आत खोचलं. ज्या बायकांनी सकाळपर्यंत मशीनला हात लावला नव्हता त्यांचे अभ्रे चहाच्या आधी तयार. नऊच्या नऊ. एकीची टीप साप गेल्यासारखी वाकडी पण बूडच ते, उशी घातल्यावर कोण बघतंय? मावशींची सगळ्यात सरळ.

संध्याकाळी मी बाजूला शिवण असलेल्या माझ्या अभ्र्याकडे बघत बसले. धुतल्यावर स्वस्त टी-शर्टची बाजूची शिवण फिरत फिरत पोटावर येते ना, तसं यातही होणार, या गोल कापडाचं अंगच फिरतं. नळीला शिवणच नाही, फिरली तरी कळत नाही.

लगेच व्यापाऱ्याला फोन लावला, अजून पाच किलो पाहिजे म्हणून. तो म्हणाला, "ताई, यावेळी तुम्हाला चिरलेलं ओपन देतो, एकदम सपाट, कापायला सोपं पडेल."

"नको," मी म्हटलं, "नळीच दे. आणि हो, साडेसोळाचीच बघ."