मंडईत खडी गंमत ऐकायला जाताना

भाऊबीज झाली की भंडारा-गोंदियाकडे मंडई सुरू होते, म्हणजे गावची जत्रा. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. पोस्टरवर 'दुय्यम खडी गंमत' लिहिलेलं दिसलं तर ते गाव चुकवू नका. खडी गंमत म्हणजे शाहीर, सोंगाड्या आणि साडी नेसून नाचणारा नाच्या यांनी उभ्यानं रंगवलेला गाण्या-विनोदाचा खेळ. दुय्यम म्हणजे हलक्या दर्जाची नव्हे. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात, एक सवाल टाकते, दुसरी गाण्यातूनच जवाब देते.

बहुतेक जण गण-गौळण आटोपल्यावर पोचतात. खरं तर तासभर आधी जायला हवं. गमतीतला निम्मा हशा वाद्यांवर उभा असतो, आणि वाद्यं जवळून बघायला मिळतात ती तेव्हाच, लावणं चालू असताना.

तुणतुणं बघा. वीतभर उंचीचं पोकळ लाकडी नळकांडं, तळाला चामडं, बाजूला ठोकलेली काठी, काठीच्या टोकाला खुंटी. तार एकच. ती चामड्याच्या मधोमध ओवून खालून चकतीला अडकवलेली असते. चकती लहान पडली किंवा तिची कड धारदार असली की तार चामडं कापत जाते आणि ऐन लावणीत तुणतुणं मुकं होतं. खुंटी सरकत असेल तर तिला खडू घासतात. तार शाहिराच्या सुराला लावलेली असते. ती जरा उतरली तरी मागचे झिलकरी 'जी जी' करताना तिच्याबरोबर खाली येतात, आणि शाहीर एकटा वर राहतो.

ढोलकी आणि डफाचा वैरी म्हणजे दव. कार्तिकात सूर्य कलला की चामडं ओल धरतं, सैल पडतं, आवाज बसतो. डफ धानाच्या तणसाच्या जाळावर शेकतात. हाताला सोसेल तेवढंच अंतर ठेवायचं आणि डफ फिरवत राहायचं. एकाच जागी धरला तर कडेला चिरतो. ढोलकी मात्र जाळावर धरत नाहीत, कडक उन्हातही शाईची, म्हणजे काळ्या लेपाची, बाजू उघडी ठेवत नाहीत. शाईला तडे गेले की 'टणकार' गेला. ढोलकी कापडात गुंडाळूनच ठेवलेली बरी.

आता विनोद. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि हशाचा शब्द मध्येच वाया जातो. म्हणून मुरलेला सोंगाड्या वाक्य उलटं करतो. 'सासऱ्यानं मले बुढा बैल देल्ला' असं तो म्हणणार नाही. तो म्हणेल, 'सासऱ्यानं मले देल्ला काय? बैल!' इथे ढोलकीची एक थाप, अर्ध्या मात्रेची गप्प जागा, आणि मग हळूच, 'अन् तोही बुढा.' थाप 'बैल'नंतर पडायला हवी. ढोलकीवाला घाईत 'बुढा'वर वाजवून बसला तर शब्द थापेखाली दबतो आणि मागच्या रांगा गप्पच राहतात. त्यात सोंगाड्याची चूक नसते. एकाच पार्टीत वर्षानुवर्षं राहिलेल्या जोडीला ही जागा बोटाच्या इशाऱ्याशिवाय सापडते. ती जोडी फुटली की तोच विनोद, तोच माणूस, पण रंग भरत नाही.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात हेच काम ऑर्गन आणि पॅड करतात. तिथला विनोदी नटही तेवढाच तयारीचा असतो. तिथल्याच परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती उगाच नाही. पण गमतीत पडदा नाही, विंग नाही, लपायला जागा नाही. चुकलेली थाप सगळ्या गावाला दिसते.

बसायचं ढोलकीवाल्याच्या बाजूला, भोंग्यापासून लांब. भोंग्यासमोर तुणतुणं ऐकूच येत नाही. मोबाईलवर घ्यायचं असेल तर फोन माईकपासून दहा-बारा पावलं मागे ठेवा. जवळून घेतलं की थापेला आवाज फाटतो आणि नेमका पुढचा शब्द जातो.

इनाम द्यायचं तर नोटेसोबत नाव-गाव चिठ्ठीवर ठळक लिहून द्या, शाहीर ते यमकात बसवतो. चालू कडव्यात पुढे जाऊ नका, झील संपू द्या. नाच्याशी बोलायचं असेल तर खेळ संपल्यावर, 'भाऊ' म्हणून. साडी उतरली की तो घरचा कर्ता पुरुष असतो, आणि धानकापणी सोडून आलेला असतो. पाणी विचारा, चहा विचारा, मग उद्या कुठल्या गावाला आहे ते विचारा.