तोबाचे मोत्यांचे बेट

जपानच्या मिए प्रांतातील तोबा स्थानकापासून समुद्राच्या कडेने काही मिनिटे चालले की एक पूल लागतो आणि तो ओलांडताच मिकिमोतो बेट सुरू होते. १८९२ साली समुद्राचे पाणी सूक्ष्म शैवालांनी लाल होऊन मोत्यांची शेती करू पाहणाऱ्या कोकिची मिकिमोतो यांची बहुतेक कालवे, म्हणजे मोती धरणारे शिंपल्यांतले जीव, मेली होती. तरीही ११ जुलै १८९३ रोजी याच बेटाजवळ वाचलेल्या कालवांत त्यांना संवर्धित, म्हणजे माणसाने मुद्दाम वाढवलेले, मोती मिळाले. ते मात्र अर्धगोल, शिंपल्याला चिकटलेले होते. पूर्ण गोल मोत्याच्या पद्धतीचे श्रेय तात्सुहेई मिसे आणि तोकिची निशिकावा यांना द्यावे लागते, आणि मिकिमोतोंच्या कीर्तीपुढे ही नावे झाकली जातात याची मला खंत वाटते.

संग्रहालयात कालवावरील शस्त्रक्रिया जवळून पाहता आली. आकोया जातीच्या कालवाचे शिंपले किंचित फाकवून, आतल्या मऊ भागात बारीक छेद देऊन, गोड्या पाण्यातील शिंपल्यापासून घडवलेला गोल मणी आत सरकवतात आणि त्याला लागूनच दुसऱ्या कालवाच्या प्रावाराचा, म्हणजे शिंपला घडवणाऱ्या पातळ पडद्याचा, इवलासा तुकडा ठेवतात. खरे काम हा तुकडाच करतो. त्याच्या पेशी वाढून मण्याभोवती पिशवी तयार होते आणि ती थरावर थर चढवत राहते. पुढे ही कालवे जाळीत घालून तराफ्यांखाली टांगतात. काही दगावतात, काही मणी बाहेर टाकतात. काढणी थंडीत होते, कारण गार पाण्यात थर सावकाश व पातळ चढतात आणि झळाळी वाढते.

नैसर्गिक मोत्यातही हेच घडते. फक्त प्रावाराच्या पेशी एखाद्या परजीवीमुळे किंवा जखमेमुळे आपोआप आत ढकलल्या जातात. वाळूच्या कणाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण तसे क्वचितच होते. म्हणून संवर्धित मोत्याला नकली म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पूर्वी आखातातून मुंबईच्या बाजारात येणारा, जुन्या नथींत दिसणारा नैसर्गिक बसरा मोती जवळजवळ गाभ्यापर्यंत थरांचाच असतो, तर आकोयाच्या आत मोठा मणी आणि वर पातळ कवच असते. दातावर घासून हा भेद कळत नाही, कारण दोन्ही मोती सारखेच खरखरीत लागतात; खात्रीसाठी क्ष-किरण तपासणीच करावी लागते. छिद्र पाडलेल्या मोत्यात मात्र भिंगातून पाहिले, तर मणी आणि थर यांच्यामधली रेघ बहुधा दिसते.