तुतारी वाजलीच नाही

ऑगस्ट 2024, शनिवार. रात्रीचे बारा वाजून गेलेत.

पाय दुखताहेत, घसा बसलाय, कपड्यांना तळलेल्या कांद्याचा वास येतोय आणि चिरंजीव रुसून बसलेत. का, तर मेट्स, न्यूयॉर्कची आमची बेसबॉल टीम, जिंकले. आपली टीम जिंकली म्हणून रुसलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. खरं सांगायचं तर परतीच्या गाडीत मीही जरा हिरमुसलेलीच होते. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच पटायचं नाही.

बाबा सांगलीहून आल्यापासून लेकाचा एकच धोशा: आजोबांना मेट्सच्या स्टेडियमवर, सिटी फील्डवर न्यायचं आणि तुतारी ऐकवायची. मॅच दाखवायची असं नाही हं. तुतारी ऐकवायची. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून न्यूयॉर्क, तिथून 7 नंबरची ट्रेन, असा दीड-दोन तासांचा प्रवास त्या एका मिनिटासाठी. वाटेत त्याने आजोबांची शिकवणी घेतली. बेसबॉलमध्ये पहिला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, दमला की त्याला काढतात, आणि एकदा बाहेर गेलेला त्या मॅचमध्ये परत येत नाही. मग बुलपेनमधून दुसरा, तिसरा. मैदानाच्या कडेला जाळीमागे जिथे हे लोक हात गरम करत बसतात ते बुलपेन. आणि आघाडी थोडी असेल तर अगदी शेवटच्या, नवव्या इनिंगला येतो तो क्लोझर.

बाबा म्हणाले, "म्हणजे आपला बुमराह. पण फक्त शेवटच्या ओव्हरपुरता गाडी पाठवून बोलावलेला."

हे त्याला इतकं आवडलं की त्याने ते तिथल्या तिथे मित्राला मेसेजवर पाठवलं.

मेट्सचा क्लोझर म्हणजे एडविन डियाझ, पोर्तो रिकोचा. बुलपेनचं दार उघडून तो निघाला की स्टेडियमभर 'नार्को' नावाचं गाणं लागतं. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच, आहे ते ट्रम्पेट. चाळीस हजार लोक उभे राहून हाताचंच ट्रम्पेट करतात आणि तोंडाने पॅ-पॅ-पॅ करत सुटतात. टीमचे बाहुले, बेसबॉलचं डोकं असलेले ते मिस्टर आणि मिसेस मेट, तेही प्लास्टिकचं ट्रम्पेट तोंडाला लावून डोलतात. बाबांनी फोनवर ऐकलं आणि पहिली हरकत घेतली: "ही तुतारी कुठली? हे तर वरातीतल्या बँडवाल्यांचं पितळी वाद्य." तरी आमच्या घरात नाव तुतारीच राहिलं.

एरवी घरी टीव्हीवर बघणाऱ्याला यातलं काही दिसायचंच नाही, कारण पिचर बदलतानाच जाहिराती लागतात. ऑगस्ट 2022 मध्ये मेट्सच्या मॅच दाखवणाऱ्या चॅनेलने एकदा जाहिराती बाजूला ठेवल्या आणि बुलपेनच्या दारापासून कॅमेरा सलग त्याच्या मागे नेला. ती क्लिप तेव्हा सगळीकडे फिरली, आमच्याकडे तर जेवताना रोज. त्या वर्षी डियाझने केलंही तसंच: 62 इनिंगमध्ये 118 जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल नीट मारूच न देता बाद. हाच डियाझ 2019 मध्ये आला तेव्हा याच न्यूयॉर्कवाल्यांनी त्याची हुर्यो केली होती. ते आता कोणी काढत नाही.

मग ते ट्रम्पेट वाजवणारा ऑस्ट्रेलियन, टिमी ट्रम्पेट, स्वतःच स्टेडियमवर आला. 2022 च्याच 30 ऑगस्टला. त्या रात्री मेट्स हरले, डियाझला बोलवायची वेळच आली नाही, आणि एवढा मोठा कलाकार त्याची वाट बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी बिचारा पुन्हा आला. 2-1 अशी आघाडी, नववी इनिंग, दार उघडलं, आणि त्याने खरोखरचं, जिवंत वाजवलं. लेकाने ही गोष्ट आजोबांना आज तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा सांगत होता तेव्हा सातवी इनिंग संपत आली होती, मेट्स दोन रनांनी पुढे होते आणि आमची तिघांचीही खात्री होती की आज तुतारी.

आमच्या जागेवरून जाळी दिसत होती. आठव्या इनिंगला डियाझ उठला, खांदे फिरवले, कॅचरकडे दोन-चार बॉल हळू टाकले. लेकाने फोन सरळ धरला. बाबांनी चष्मा पुसला. आणि मग मेट्सच्या बॅटरने दोन जण बेसवर असताना बॉल थेट प्रेक्षकांत भिरकावून दिला. तीन रन! अख्खं स्टेडियम नाचायला लागलं. आमच्या रांगेत एक तेरा वर्षांचा मुलगा तेवढा डोक्याला हात लावून बसला. दोनाची आघाडी पाचाची झाली होती.

बाबांना कळेना. नियम असा की शेवटच्या इनिंगला येणाऱ्या पिचरच्या नावावर 'सेव्ह', म्हणजे आघाडी राखल्याची नोंद, लागायची तर आघाडी तीन रनांची किंवा त्याहून कमी हवी. सेव्ह 1969 पासून अधिकृत नोंदींत आहे, आणि क्लोझरला कधी बोलवायचं हे बहुतेक मॅनेजर त्याच नियमाकडे बघून ठरवतात. पाच रनांनी पुढे असताना हुकमाचं पान कोण टाकेल? जाळीमागे डियाझने जॅकेट चढवलं आणि खाली बसला. नवव्या इनिंगला दुसराच कोणीतरी आला. त्याचंही गाणं लागलं. कोणतं, ते सांगू शकणार नाही, कारण लोक पार्किंगच्या दिशेने निघाले होते.

माझ्या ऑफिसात एक पक्का यांकीजवाला आहे, म्हणजे न्यूयॉर्कच्या दुसऱ्या टीमचा. त्याच्या मते हे असले पितळी प्रकार म्हणजे पोरखेळ, खरा क्लोझर एकच, मारियानो रिवेरा. त्याचं ऐकून ऐकून मलाही आता पाठ झालंय. 652 सेव्ह. पनामातल्या कोळ्याचा मुलगा, अतिशय धार्मिक, मैदानावर आवाज चढवणार नाही. आणि गाणं कोणतं, तर मेटॅलिका या हेवी मेटल बँडचं 'एंटर सँडमन'. सँडमन म्हणजे मुलांच्या डोळ्यांत वाळू टाकून त्यांना झोपवणारा. गाण्याच्या मध्यावर लहान मूल झोपताना म्हणतं ती प्रार्थनाही आहे. म्हणजे तशी अंगाईच, फक्त ऐकून शेजारचे तीन मजले जागे होतील अशी. 1999 साली हे गाणं स्टेडियमवाल्यांनी निवडलं. रिवेराने नाही. त्याला ते फारसं भावतही नव्हतं, तो आपला भक्तिगीतं ऐकणारा.

मला आवडते ती त्याआधीची गोष्ट. सान दिएगोचा क्लोझर ट्रेव्हर हॉफमन 1998 च्या जुलैपासून एसी/डीसी या रॉक बँडच्या 'हेल्स बेल्स'वर मैदानात यायला लागला होता. सुरुवातीला नुसती घंटा. ठण्ण. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा ठण्ण. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजला, म्हणजे मोसमाच्या फायनलला, यांकीज तिथे गेले, तिसऱ्या मॅचला घंटा वाजली, हॉफमन आला, आणि आठव्या इनिंगला स्कॉट ब्रोशसने त्याला तीन रनांचा होमरन मारला. यांकीज 5-4 ने जिंकले. पण यांकीजची माणसं घरी गेली ती विजयासोबत घंटेचाही हेवा घेऊन. आपल्या माणसालाही असं काहीतरी हवं! ज्या रात्री घंटेचा काही उपयोग झाला नाही, त्याच रात्रीची नक्कल करायचं पुढे ठरलं. माणसं कशाला भुलतात बघा.

परतीच्या ट्रेनमध्ये मी बाबांना हे सांगितलं, तेव्हा घंटा म्हटल्यावर ते एकदम सावरून बसले. बाबा ऑफिसच्या हौशी नाटकांत पडद्यामागे असायचे. प्रॉपर्टी आणि घंटा त्यांच्याकडे. एका प्रयोगाला त्यांनी तिसरी घंटा दिली, पडदा गेला, आणि रंगमंचावर रिकामी आरामखुर्ची. मुख्य नट विंगेत मिशी धरून उभा, कारण डिंक वाळला नव्हता. अर्धं-पाऊण मिनिट खुर्चीच अभिनय करत होती. लोकांना वाटलं, प्रायोगिक आहे. टाळ्यासुद्धा पडल्या.

मी म्हटलं, मला तर वाटतं हे सगळं वाट बघणाऱ्यांसाठी असतं. ज्याचं गाणं, त्याला त्याचं काही नसतं. रिवेराचंच बघा.

बाबा म्हणाले, "तुला खुर्चीत बसून वाटतं तसं. विंगेत उभी राहा एकदा. तिसऱ्या घंटेला पोटात जो खड्डा पडतो ना, तो प्रेक्षकाला कुठून कळणार?"

तोपर्यंत रुसलेला आमचा क्लोझर खिडकीकडे बघतच बोलला, "दोघंही चूक. ते बॅटरसाठी असतं. त्याला तिथे उभं राहून सगळं ऐकावं लागतं."

यावर आम्ही दोघंही गप्प. पोरगं हुशार आहे, रुसल्यावर जास्त.

मग बाबांनी विचारलं, "आणि हा दुसऱ्याच्या गावी खेळायला गेला की काय वाजतं?"

काही नाही. परक्या मैदानावर गाणं त्यांचं, दिवे त्यांचे. जाळीचं दार उघडतं आणि माणूस चालत येतो. 2001 च्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच फीनिक्सला होती. रिवेराच्या हातून नववी इनिंग निसटली आणि यांकीजचं विजेतेपद गेलं. 2004 मध्ये बॉस्टनला तसंच. लोक त्याच्या अपयशाचे म्हणून हेच दोन प्रसंग काढतात, आणि दोन्ही वेळा सँडमन नव्हता. गाणं असतं तर जिंकला असता असं मी म्हणत नाही, घंटेवर विश्वास ठेवून हॉफमनचं काय झालं ते आत्ताच लिहिलंय. पण मला हे आजवर सुचलं नव्हतं आणि बाबांना पहिल्याच मॅचला सुचलं.

2013 च्या सप्टेंबरात रिवेरा निवृत्त झाला, तेव्हा मेटॅलिकाने स्टेडियमवर येऊन ते गाणं प्रत्यक्ष वाजवलं. चार दिवसांनी घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचमध्ये त्याला बाहेर न्यायला मॅनेजर आला नाही, जुने सोबती जीटर आणि पेटिट आले, आणि हा गंभीर माणूस पेटिटच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. हे ऐकून बाबा म्हणाले, त्याच नोव्हेंबरात वानखेडेवर सचिन वाकून खेळपट्टीला नमस्कार करून गेला, तिथे कुठलं गाणं लावावं लागलं नाही. यावर लेकाशी वाद सुरू झाला तो एडिसन येईपर्यंत. वादाच्या भरात तो रुसायचं विसरला होता, घरी आल्यावर आठवण आली.

आत्ता हे लिहितेय तर बाबांच्या खोलीचं दार वाजलं. रात्रीची गोळी घ्यायची राहिलीय त्यांची. आणि पॅसेजच्या टोकाला कोणीतरी फोनवर तुतारी लावलीय, मोठ्याने. खालच्या मजल्यावरचे उद्या बोलणार. बाबा थबकले. लुंगी नीट केली, एक हात भिंतीला लावला आणि अगदी सावकाश निघाले. स्वयंपाकघरात पोचले तरी गाणं चालूच होतं. गोळी तळहातावर घेऊन ते फ्रीजपाशी उभे राहिले, गाणं संपेपर्यंत.