आमच्या घरातला रायटर

आमच्या घराण्यात लेखक असा कुणी झाला नाही. काकांचं एक पत्र कधीतरी वर्तमानपत्रात छापून आलं होतं, तुंबलेल्या गटारीबद्दल. तेवढीच आमची साहित्यसेवा. त्यामुळे २००६ साली जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या दुकानदाराने कॉम्प्युटरच्या कोटेशनच्या कागदावर पेन आपटत "यात रायटर टाकू का?" असं विचारलं, तेव्हा वडील आधी माझ्याकडे आणि मग त्याच्याकडे बघत राहिले. दुकानदार सरावलेला होता. म्हणाला, "दादा, साधा ड्राइव्ह नुसता वाचतो. रायटर वाचतो पण आणि लिहितो पण." फरक सातशे-आठशे रुपयांचा होता. वडिलांनी मनात हिशेब केला आणि म्हणाले, "मग लिहिणाराच द्या. नुसते वाचणारे घरात आहेत."

असा आमच्याकडे डीव्हीडी रायटर आला. मॉनिटर गोधडीत गुंडाळून, कॅबिनेट मांडीवर घेऊन आम्ही पॅसेंजरने अमळनेरला उतरलो. कॅबिनेट पांढरं आणि ड्राइव्ह काळा, कारण दुकानात पांढरा शिल्लक नव्हता. पांढऱ्या धोतरावर काळी बंडी चढवावी तसं ते ध्यान दिसायचं.

तसं अमळनेरचं आणि कॉम्प्युटरचं नातं जुनं. विप्रो ही कंपनी १९४५ साली आमच्याच गावात वनस्पती तूप करायला म्हणून सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर बनवायला लागली. कुणी शेअर विकले, कुणी ठेवले, यावर ओट्यावर बसून हळहळणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. आमच्या घरात शेअर नव्हता, तुपाचा रिकामा डबा होता. आई त्यात बिबडे ठेवायची.

रायटरच्या तोंडावर बारीकशी चिन्हं होती, त्यात एक अधिक आणि वजा एकावर एक काढलेलं. मला ती नक्षी वाटली होती. ती भाऊबंदकी निघाली. कोऱ्या डीव्हीडीच्या दोन जाती होत्या, वजावाली आणि अधिकवाली. वजावाली पायोनियरने १९९७ मध्ये आणली. अधिकवाली फिलिप्स, सोनी वगैरे मंडळींच्या गटाने २००२ च्या सुमारास. दोन्ही दिसायला सारख्या, दोन्हींवर ४.७ जीबी लिहिलेलं, पण एकीवर लिहायची रीत दुसरीला चालत नाही. दोन भावांनी एकाच वावरात दोन विहिरी खणाव्यात, तसला प्रकार. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवाल्यांनी शेवटी दोन्ही विहिरींचं पाणी प्यायचं ठरवलं आणि तोंडावर ती नक्षी छापली.

त्या ४.७ चंही एक गंमतशीर होतं. कॉम्प्युटरमध्ये चकती टाकली की तो ४.३८ च दाखवायचा. कारखाना हजाराने मोजतो, कॉम्प्युटर एक हजार चोवीसने. देताना एक माप आणि घेताना दुसरं, याचं आमच्याकडे कापूस विकणाऱ्या कुणालाच नवल वाटलं नाही.

त्याच डिसेंबरात ताईचं लग्न झालं. शूटिंगवाल्याने एकच डीव्हीडी दिली, वर नवरानवरीचा फोटो चिकटवलेला. रायटर घरात असताना नातेवाइकांना कॉपी न देणं म्हणजे घरची विहीर असून पाहुण्याला तहानलेलं ठेवणं. पन्नास कोऱ्या चकत्यांचं ते गोल डबडं आणलं आणि मी अकरा कॉप्या मारल्या. आमच्याकडे 'बर्न' कुणी म्हणत नसे. 'राइट मार' म्हणायचे. मी एकदम सोळा एक्सवर मारल्या. डीव्हीडीचा एक एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी. सोळा एक्सला चकती मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि कॅबिनेट पिठाच्या गिरणीसारखं थरथरतं. सहा मिनिटांत एक कॉपी. मला फार अभिमान वाटला होता.

मग निकाल लागायला सुरुवात झाली. तापीच्या पलीकडून, शिरपूरहून, आत्याचा फोन आला. "हाई तुनी डीव्हीडी मना टीव्हीले चालत नही रे भो." तिच्या पडद्यावर 'नो डिस्क' येत होतं. आत्याकडचा प्लेअर नावाजलेल्या कंपनीचा, वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. धुळ्याच्या काकांकडे लग्न लागेपर्यंत चालायची आणि अक्षता पडायच्या वेळी चौकोन-चौकोन होऊन थांबायची. आणि पारोळ्याच्या मामांकडे बिनानावाचा हजार-बाराशेचा प्लेअर होता, त्यात अकराच्या अकरा चालल्या. त्यात भाकरी ठेवली असती तरी त्याने काहीतरी वाजवलं असतं. हा अनुभव मला पुढेही वारंवार आला. खानदानी प्लेअर नाकं मुरडायचे, स्वस्तातले मुकाट्याने ताट पुसून खायचे.

यात चूक कुणाची, हे कुणी सांगेना. दुकानदार म्हणे चकती हलकी आहे. चकतीवाला म्हणे ड्राइव्ह तपासा. शूटिंगवाला म्हणे आमच्याकडे तर चालते. मग मी हळूहळू वाचत, विचारत शिकलो. बाजारात मिळणारी सिनेमाची डीव्हीडी साच्यात दाबून काढलेली असते. तिच्यावर खरोखरचे खड्डे असतात, गोंदवल्यासारखे. आपण घरी मारतो ती चकती म्हणजे रंगाचा एक पातळ थर. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर तो थर जागोजागी काळवंडवतो, बस. खड्डा नाही, डाग. प्लेअरने त्या डागाला खड्डा मानायचं असतं. मानणारे मानतात. पुन्हापुन्हा पुसून लिहायची आरडब्ल्यू चकती तर साध्या चकतीपेक्षा उजेड फारच कमी परतवते. जुने प्लेअर तिच्यापुढे चाचपडत बसतात.

दुसरी गोष्ट कळली ती जास्त कामाची होती. प्रत्येक कोऱ्या चकतीवर आतल्या कडेला कारखान्याचा एक कोड आधीच कोरलेला असतो. ड्राइव्ह तो कोड वाचतो आणि आपल्या पोटातल्या यादीत शोधतो: ही अमक्याची चकती, हिला लेझर इतका तापवायचा, इतका वेळ धरायचा. यादीत नाव सापडलं तर अक्षर वळणदार येतं. नाही सापडलं तर तो अंदाजपंचे लिहितो. ही यादी असते ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याला चालवणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, आणि ती आपला ड्राइव्ह बनला त्या दिवशीची. चकत्या मात्र रोज नवीन निघतात. वरचं वेष्टन तेच, आतला कारखाना वेगळा, असंही सर्रास. म्हणून गेल्या महिन्यात ज्या नावाच्या चकत्या गुणी निघाल्या, त्याच नावाचं पुढचं डबडं वाया जायचं.

मी फर्मवेअर नवीन टाकलं, वेग चार एक्सवर आणला, आणि लिहून झाल्यावर पडताळून बघायची खूण कधी काढली नाही. सहा मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेलं. आत्यासाठी मात्र सोंग घ्यावं लागलं. अधिकवाल्या चकतीवर 'मी कोण' हे सांगणारी एक नोंद असते. काही ड्राइव्ह ती बदलून चकतीला 'मी छापील डीव्हीडी आहे' असं म्हणायला लावू शकतात. आमचा रायटर त्यातला होता. बाराव्या कॉपीला तसा वेश चढवला, आत्याच्या प्लेअरने तिला छापील समजून आत घेतलं, आणि रुमालाखाली ताईचं लग्न लागलं.

या सगळ्या खटाटोपात मला आजोबांची पत्र्याची पेटी आठवायची. तिच्यात मोडीतली खरेदीखतं आहेत. कागद धडधाकट, शाई ठळक, लिहिणाऱ्याचा हात इतका सफाईदार की एका ओळीत लेखणी उचललेली दिसत नाही. आणि घरात एकालाही त्यातलं अक्षर लागत नाही. एकदा बांधाच्या वादात मोडी वाचणारा माणूस शोधायला धुळ्यापर्यंत जावं लागलं होतं. त्याने चष्मा लावून कागद घडाघडा वाचला, तेव्हा वडील कागदाकडे नाही, त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते.

रायटरची प्रकृती आमच्या हवेला कधी मानवली नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा माणसंच घराबाहेर पडत नाहीत, तर तो बिचारा दुपारी दोनला काय लिहिणार? त्यात लोडशेडिंग. आतमध्ये दोन एमबीचा बफर असतो, म्हणजे लिहिण्याआधी माहिती साठवायची छोटी जागा. कॉम्प्युटरकडून माहिती यायला उशीर झाला तरी ड्राइव्ह लेझर थांबवून पुन्हा तिथूनच पुढे लिहितो, ही सोय तोवर सगळीकडे आली होती. पण लाईटच गेली तर सोय काय करणार? नव्वद टक्क्यांवर पंखा थांबायचा, गल्लीत पोरं एकसुरात "गेली रे" ओरडायची, आणि माझी एक चकती मेलेली असायची. यूपीएस दहा मिनिटं टिकतो असं डब्यावर लिहिलं होतं. आमचा चार मिनिटांत किंचाळायचा. एकदा तर शूटिंगवाल्याने दिलेल्या चकतीचा फोटोचा कागदच उन्हाने फुगून आत निघाला आणि ट्रे अडकला. डीव्हीडीवर असले कागद चिकटवूच नयेत. कागद जरा एका बाजूला गेला की तोल जातो आणि ती वेड्यासारखी डुगडुगते. सालं काढल्यासारखा तो कागद मी चिमट्याने तुकड्या-तुकड्याने ओढून काढला. नवरदेव आधी आला, ताई नंतर.

मेलेल्या चकत्या वाया गेल्या नाहीत. काकांनी दादर ज्वारी निसवली की त्या दोऱ्याला बांधून वावरात टांगल्या. वाऱ्याने फिरल्या की लखकन चमकायच्या आणि पाखरं उठायची. काका म्हणायचे, "तुन्या डीव्हीडी कोठेच चालत नही, आठे बरं चालतस."

२०१२ च्या आसपास तो कॉम्प्युटर माळ्यावर गेला. पेन ड्राइव्ह आले, मग मोबाईल. भारतात कोऱ्या चकत्या बनवणारी सगळ्यात मोठी कंपनी मोझर बेअर, तीही २०१८ मध्ये अवसायनात निघाली. नवीन लॅपटॉपला तर चकतीची फटच नाही.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आईने कपाट आवरताना एक चकती काढली. मार्करने माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'आखाजी २००७, आजी, मांडे'. मावसभावाने हँडीकॅम आणला होता, त्याच्या टेपवरून मी मारलेली ही एकच कॉपी. टेपवर पुढे त्याने कुणाचं तरी बारसं घेतलं. आजीला जाऊन बरीच वर्षं झाली.

भाचीने यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह मागवला. त्यात चकती टाकली. ती घुमली, थांबली, पुन्हा घुमली आणि ड्राइव्हने ती ट्रेसकट बाहेर ढकलली. गावातल्या फोटो स्टुडिओत नेली. तिथे चाळीस टक्क्यांपर्यंत आली आणि पट्टी गोठली. "रंग उडाला असेल काका," तो पोरगा म्हणाला. मी त्याला काका कधीपासून झालो, हा विचार रस्ताभर केला.

शेवटी माळ्यावरून कॅबिनेट उतरवलं. धूळ पुसली, आत पालीची दोन अंडी होती ती बाजूला ठेवली. मदरबोर्डवरचा सेल मेलेला, त्यामुळे सुरू झाल्या झाल्या त्याने तारीख १ जानेवारी २००२ दाखवली, म्हणजे आम्ही त्याला विकत घ्यायच्याही आधीची. रायटरचं बटण दाबलं तर आतून नुसतं कुंथल्यासारखा आवाज. ट्रे ओढणारं रबर इतक्या वर्षांच्या उन्हाळ्यांनी कडक झालं होतं. तोंडावर एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी सरळ करून खुपसली आणि ट्रे हाताने ओढला. कापसाला स्पिरिट लावून भिंगावरून अगदी हलकेच, पापणी पुसावी तसं फिरवलं. चकती ठेवली. ट्रे अंगठ्याने आत लोटला.

टक. टक. घर्र. परत टक. आई दारात उभी होती, हात पदराला पुसत. मग घुमण्याचा आवाज वर चढत गेला, सोळा एक्सचा नाही, धीम्या चालीचा, आणि फोल्डर उघडलं. ज्याने लिहिलं होतं त्याला स्वतःचं अक्षर लागलं. असं प्रत्येक वेळी होतंच असं नाही. त्या दिवशी झालं. कॉपी व्हायला पाऊण तास लागला. दोन ठिकाणी तो अडला, आई म्हणाली हात लावू नको, मी लावला नाही.

मागची पडवी. पाहुणे उशिरा आलेले असावेत, कारण दिवस मावळलाय आणि चूल दुसऱ्यांदा पेटलीय. चुलीवर पालथं खापर. आजी कणकेचा पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेते, एका हातावरून दुसऱ्यावर झेलत वाढवते, कोपरापर्यंत पसरतो इतका. तो खापरावर टाकणार तेवढ्यात पडदा काळा होतो. बाहेरून पोरांचा आवाज: "गेली रे!" कॅमेरा बॅटरीवर चालू आहे. काळोखात आजीचं हसणं ऐकू येतं. "अंधारामा दिसस का रे तुना मशीनले?" मावसभाऊ काहीतरी पुटपुटतो. मग चुलीत कुणीतरी लाकूड सारतं, जाळ वर येतो, आणि त्या लाल उजेडात फक्त दोन हात दिसतात, मांडा झेलणारे.